माणसाच्या चुकीचाही हिशेब मांडता येतो

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या जिल्हा पानावर गेल्या आठवड्यात एमआयडीसीतल्या एका अपघाताची बातमी होती. प्लास्टिकचा भंगार माल दळणाऱ्या ग्राइंडरमध्ये अडकलेला तुकडा काढायला गेलेल्या कामगाराचा हात पात्यात सापडला. आठ-दहा ओळींची बातमी आणि शेवटचं वाक्य ठरलेलं: प्राथमिक चौकशीत कामगाराचा निष्काळजीपणा दिसून आला. वार्ताहराला मी दोष देत नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने दिलं. पण उभं आयुष्य शिफ्टमध्ये काढलेल्या माझ्यासारख्याला बातमी जिथे थांबली तिथून पुढचं वाचायचं होतं. ग्राइंडरच्या झाकणाला लिमिट स्विच असतो, झाकण उघडलं की मोटार बंद पडते. मग झाकण उघडं असताना मोटार चालू कशी राहिली? स्विच तारेने बांधून ठेवला होता का? असेल तर कधीपासून? आणि तो न बांधता, दर वेळी मशिन थांबवून, दिवसाचा माल निघत होता का?

मी दोंडाईच्याकडचा. आमच्या भागातली पोरं दहावी-आयटीआय झाली की सुरतेची गाडी धरतात. मीही तसाच गेलो आणि गुजरातच्या केमिकल पट्ट्यात हेल्पर म्हणून लागून शिफ्ट इन्चार्ज म्हणून निवृत्त झालो. कारखान्याचं नाव घेत नाही. इथे लिहितोय ते थोड्याफार फरकाने कुठल्याही कारखान्यात सापडेल.

आमच्याकडे एका रिअॅक्टरच्या (रसायनांची प्रक्रिया होते त्या टाकीच्या) तळाला बॉल व्हॉल्व्ह होता. हँडल पाइपच्या रेषेत असलं की व्हॉल्व्ह उघडा, आडवं असलं की बंद, हे प्लँटमध्ये पहिल्याच दिवशी शिकवतात. एका ओव्हरहॉलिंगला शेजारून नवी स्टीम लाइन गेली आणि हँडल तिला अडायला लागलं. फिटरने ते काढलं आणि काटकोनात फिरवून बसवलं. काम भागलं, पण आता हा व्हॉल्व्ह आडवा दिसला की उघडा आणि सरळ दिसला की बंद. जुन्या लोकांना ते पाठ होतं. शिफ्टमध्ये निम्मे खान्देशीच, “खालना वाल उलटा शे” एवढं सांगितलं की झालं. ते लॉगबुकात कुठे नव्हतं, बॅच शीटवर नव्हतं, व्हॉल्व्हवर साधी पाटी नव्हती.

साक्री तालुक्यातला एक पोरगा कंत्राटदारामार्फत नवीन आला होता. मी त्या रात्री शेजारच्या ब्लॉकला होतो. बॅच भरायच्या आधी तळाचा व्हॉल्व्ह बंद आहे ना ते बघायला त्याला धाडलं. वर बाकीची तयारी झाली होती, आधीची बॅच उशिरा निघालेली, त्यामुळे सगळ्यांचीच घाई. त्याने खाली जाऊन पाहिलं, हँडल आडवं होतं, आणि त्याने ओरडून सांगितलं, “बंद शे!” त्याला शिकवलं होतं त्याप्रमाणे ते बरोबरच होतं. सॉल्व्हंट रिअॅक्टरमध्ये आलं आणि तळातून थेट पिटात गेलं. वासावरून कळलं. पंप बंद केला, फोम मारला, ठिणगी कुठे पडली नाही म्हणून निभावलं. सकाळी पोराला मेमो, आणि आठवडाभरात गेटपास रद्द. चौकशीचा कागद मी स्वतः वाचला आहे. कारण: ऑपरेटरची चूक. उपाययोजना: सर्व कामगारांना काळजी घेण्याच्या सूचना देण्यात आल्या. हँडल पुढच्या शटडाउनपर्यंत होतं तसंच राहिलं.

नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत मला हॅझॉपच्या बैठकांना बसवायला लागले. ‘हे असं झालं तर काय होईल’ असं एकेका लाइनवर बोट ठेवून विचारायचं, असा तो प्रकार. तिथे बडोद्याचे एक सल्लागार यायचे. चहाच्या वेळात त्यांनी मला कागदावर जे शिकवलं, ते माझ्या मते प्रत्येक कारखान्याच्या गेटवर लावण्यासारखं आहे. पंप किती तासांनी बिघडेल याचा जसा अंदाज काढतात, तसा एखादं काम करताना माणूस किती वेळा चुकेल याचाही काढता येतो. ही विद्या अणुऊर्जेच्या कामातून वाढली. अमेरिकेत 28 मार्च 1979 ला पहाटे थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात एक रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि तसाच अडकून बसला. कंट्रोल रूममधला दिवा मात्र व्हॉल्व्ह बंद झाल्यासारखं दाखवत होता. कारण तो दिवा व्हॉल्व्हला जोडलेलाच नव्हता, व्हॉल्व्हला बंद होण्याचा सिग्नल गेला की नाही एवढंच तो सांगत होता. ऑपरेटर दोन तासांहून जास्त वेळ त्या दिव्यावर विसंबून राहिले, तोवर थंड ठेवणारं पाणी निसटत राहिलं आणि अणुभट्टीच्या गाभ्याचा मोठा भाग वितळला. आमच्या साक्रीच्या पोराचं हँडल आणि तो दिवा यांत मला तरी काही फरक दिसत नाही. त्यानंतर 1983 मध्ये अमेरिकेच्या अणु नियामक आयोगाने स्वेन आणि गुटमन यांची जाडजूड पुस्तिका काढली. कोणत्या कामात, कोणत्या परिस्थितीत माणूस किती चुकतो, याचे तक्ते तिच्यात आहेत. ही पद्धत थर्प म्हणून ओळखली जाते. त्याच दशकात ब्रिटनमध्ये विल्यम्स यांनी हार्ट नावाची सुटसुटीत पद्धत मांडली. सल्लागार साहेबांनी मला शिकवली ती ही.

तिच्यात आधी काम कोणत्या प्रकारचं ते ठरवायचं. लिहिलेल्या पद्धतीने, थोडीफार तपासणी करत यंत्रणा एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत न्यायची असेल, तर मूळ चुकीचं प्रमाण धरतात 0.003, म्हणजे हजारात तीनदा. मग परिस्थिती बघायची. माणूस नवखा असेल तर 3 पटीपर्यंत. यंत्र जे दाखवतं ते खऱ्या स्थितीशी जुळत नसेल तर 4 पटीपर्यंत. वेळ अपुरा असेल तर 11 पटीपर्यंत. परिस्थिती जितकी वाईट तितकी पट घ्यायची. पोरगा पूर्ण नवखा, म्हणून 3. हँडल पूर्ण उलटं, म्हणून 4. घाई होती पण जीवघेणी नव्हती, म्हणून अकरापैकी पाचव्या हिश्शाचा परिणाम धरू. पद्धतीच्या सूत्राने (अकरातून एक वजा करायचा, उरलेल्या दहाचा पाचवा हिस्सा घ्यायचा आणि एक परत मिळवायचा) तोही 3 पट येतो. आता गुणाकार करा: 0.003 गुणिले 3 गुणिले 4 गुणिले 3. उत्तर 0.108. हजारात तीनचे शंभरात जवळपास अकरा झाले. नऊ-दहा नवखी पोरं त्या जागी पाठवली असती तर सरासरीने एकाच्या हातून हे झालं असतं, पोरगा साक्रीचा असो की सुरतेचा.

आता हँडल तेवढं सरळ करून बसवा. 4 ची पट निघून गेली, शंभरात अकराचे तीनहून कमी झाले. खर्च फिटरच्या अर्ध्या तासाचा, फार तर स्टीम लाइन वीतभर सरकवण्याचा. आणि मेमोने काय बदललं? त्याच यादीत ‘कामगारांचं खचलेलं मनोधैर्य’ असाही एक घटक आहे, त्याची पट 1.2. मेमोने तेवढी मात्र वाढते.

हे आकडे तराजूत तोललेले नाहीत हे मलाही कळतं. कोणत्या घटकाचा किती हिस्सा धरायचा हे शेवटी बसणाऱ्याच्या अंदाजावर असतं, आणि दोन जाणकार बसले तर दोन उत्तरं येतात. काही पटी तर मला पटतच नाहीत. झोपेचं चक्र बिघडण्याला हार्टमध्ये फक्त 1.1 पट दिली आहे. ज्यांनी तिसरी पाळी केली आहे त्यांना विचारा, पहाटे चारला पॅनेलसमोर उघड्या डोळ्यांनी बसलेला माणूस काय बघत असतो ते. पण आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी कोणता घटक सगळ्यात जड आहे ते कागदावर लगेच दिसतं, आणि दुरुस्तीचे पैसे कुठे घालायचे ते कळतं. चौकशी अहवालातल्या ‘काळजी घ्यावी’ या सल्ल्यातून ते कधीच कळत नाही.

झोपेचा विषय निघालाच आहे तर कामाच्या तासांचंही सांगतो. अमेरिकेतल्या टेक्सास सिटीच्या रिफायनरीत 23 मार्च 2005 ला स्फोट होऊन 15 जण गेले, 180 जखमी झाले. उंच टॉवर सुरू करताना त्यात प्रमाणाबाहेर द्रव भरला गेला. लेव्हल दाखवणाऱ्या यंत्राला फक्त तळाचे काही फूट मोजता येत होते. टॉवर भरत वर गेला तरी पडद्यावर लेव्हल उतरताना दिसत होती. आणि ती बघणारे काही ऑपरेटर सलग 29 दिवस रोज 12 तास ड्युटी करत होते. हे तिथल्या सरकारी चौकशी मंडळाने लिहून ठेवलं आहे. आपल्याकडे सप्टेंबर 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यांतल्या रोजच्या कामाची मर्यादा 9 तासांवरून 12 तासांपर्यंत नेण्यास मंजुरी दिली. जास्तीच्या तासांचे पैसे मिळतील, कामगाराची संमती घेतली जाईल, वगैरे चर्चा बरीच झाली. दहाव्या-अकराव्या तासाला व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या हाताची चूक किती वाढते, हे कुणी मोजायला सांगितल्याचं माझ्या तरी वाचनात आलं नाही.

मालक मंडळी यावर म्हणतात, आमच्याकडे दुहेरी तपासणी आहे, कामाच्या परवान्यावर, म्हणजे परमिटवर, दोन सह्या असतात. ही सह्यांची भानगड नीट समजून घेण्यासारखी आहे. एक माणूस शंभरात एकदा चुकतो आणि दुसराही शंभरात एकदा, तर दोघे मिळून दहा हजारांत एकदा, असा हिशेब सगळे मनात धरतात. पण दुसऱ्याने स्वतंत्रपणे पाहिलं तरच तो खरा. थर्पमध्ये या गोष्टीचं वेगळं गणित आहे. दुसरा माणूस पहिल्यावर फार विसंबला असेल, तर पहिला चुकल्यावर दुसराही चुकण्याची शक्यता शंभरात एकवरून शंभरात पन्नासवर जाते. मग दहा हजारांत एकदा कुठलं, दोनशेत एकदा. प्लँटमधलं खरं चित्र तर याहून वाईट. सकाळी दहाला परमिटचा गठ्ठा टेबलावर येतो, बाहेर वेल्डर आणि मुकादम ताटकळलेले, आणि साहेब पहिली सही बघून दुसरी ठोकतात. अशी सही म्हणजे पहिल्याच माणसाने दोनदा सही केल्यासारखं.

दुहेरी तपासणी खरी कशी असते ते बघायला लांब जायला नको. भुसावळहून निघालेल्या कोणत्याही गाडीच्या इंजिनात चालक आणि सहचालक दोघेही सिग्नल स्वतः बघतात आणि हात उंचावून त्याचा रंग मोठ्याने एकमेकांना सांगतात. एकाने बघायचं आणि दुसऱ्याने मान डोलवायची असं तिथे चालत नाही. शिवाय चालकाने ठराविक वेळ काहीच हालचाल केली नाही तर आधी दिवा लागतो, मग भोंगा वाजतो, आणि तरीही तो जागचा हलला नाही तर ब्रेक आपोआप लागतात. माणूस डुलकी घेऊ शकतो हे रेल्वेने गृहीत धरलं आहे. आमच्या हॅझॉपच्या तक्त्यात मात्र संरक्षणाच्या रकान्यात सर्रास लिहिलेलं असायचं: ‘अलार्म वाजताच ऑपरेटर व्हॉल्व्ह बंद करेल.’ किती वेळात करेल? थर्पच्या तक्त्याप्रमाणे काय बिघडलंय हे एका मिनिटात ओळखायचं असेल तर माणूस चुकणारच असं धरून चालतात. दहा मिनिटं मिळाली तर दहात एक, अर्धा तास मिळाला तर हजारात एक. तेही एकच बिघाड असेल तर. ब्रिटनमधली जाणकारांची मार्गदर्शिका म्हणते, एका ऑपरेटरला दहा मिनिटांत सरासरी एकाहून जास्त अलार्म येऊ नये. आमच्याकडे काही रात्री पॅनेल दिवाळीसारखं लखलखत असायचं, आणि ऑपरेटर एका हाताने चहा धरून दुसऱ्या हाताने आवाज बंद करण्याचं बटण दाबत बसायचा. त्यात तो कामचुकार होता असं अजिबात नाही. रात्रभरात खोटे किती वाजतात हे त्याला अनुभवाने ठाऊक होतं.

भोपाळचं उदाहरण सगळ्यांना तोंडपाठ आहे, तरी एक गोष्ट विसरली जाते. एका नाराज कामगाराने मुद्दाम टाकीत पाणी सोडलं, असं कंपनीने मांडलं होतं. घटकाभर ते खरं धरू. पण टाकी थंड ठेवणारी यंत्रणा आधीच बंद केलेली होती आणि निसटलेला वायू जाळणारी फ्लेअर दुरुस्तीसाठी सुटी केलेली होती. ते काही त्या कामगाराने केलेलं नव्हतं. त्यानंतर 1987 मध्ये कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांसाठी स्वतंत्र प्रकरण आलं, सुरक्षा समित्या आल्या, आपत्कालीन आराखडे आले. आमच्याही कारखान्यात समिती होती. तिची बैठक 4 मार्चच्या सुरक्षा दिनाच्या आसपास नियमित व्हायची. शपथ, बिल्ले, निबंध स्पर्धा, पहिलं बक्षीस स्टीलचा डबा.

हे सगळं परमुलखातलं आहे, असं वाचकांना वाटू नये. शिरपूर तालुक्यात वाघाडीजवळच्या रसायन कारखान्यात 31 ऑगस्ट 2019 ला स्फोट झाला, दहाहून अधिक माणसं गेली. आमच्याकडची किती तरी घरं त्या दिवशी फोनवर आपापली माणसं शोधत होती. जळगावात पाइप आणि चटईचे कारखाने आहेत, दालमिल आहेत. गावोगाव जिनिंग आहेत, तिथे हंगामात कपाशीचे ढीग आणि विजेच्या मोटारी एका छपराखाली असतात. या ठिकाणी काम करणारं पोरगं आज आलेलं असतं आणि पावसाळ्यात शेतावर परत जाणार असतं. हार्टच्या भाषेत नवखेपणाची 3 ची पट इथे कायम लागलेलीच आहे. ती सहज हटवता येणार नाही. म्हणून तर उरलेल्या गोष्टी, झाकण, स्विच, पाटी, हँडल, तास, आपल्या हातातल्या आहेत त्या तरी नीट पाहिजेत.

आपल्या वार्ताहरांना माझी विनंती आहे. अपघाताची बातमी करताना चार प्रश्न विचारा. जखमी कामगार त्या मशिनवर किती दिवसांपासून होता? अपघात पाळीच्या कितव्या तासाला झाला? संरक्षक झाकण आणि स्विच आदल्या दिवशी कोणत्या अवस्थेत होते? आणि याआधी त्याच जागी कुणी थोडक्यात बचावलं होतं का? शेवटच्याचं उत्तर साहेब देणार नाहीत, गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर विचारा. तिथे पाच मिनिटांत मिळतं.

कारखानदारांना एवढंच सांगतो की थोडक्यात हुकलेल्या अपघातांची वही ठेवा आणि त्यात लिहिणाऱ्याला मेमो देणार नाही असं नोटीस बोर्डावर सहीनिशी लावा. आमच्याकडे अशी वही होती. पहिल्या महिन्यात ती भरली, मग एकाला तिच्यातल्याच नोंदीवरून विचारणा झाली आणि पुढे वर्षभर ती कोरीच राहिली. कोरी वही दाखवून आमच्या सेफ्टी ऑफिसरांनी शून्य घटनांचं प्रमाणपत्रही मिळवलं, ते वेगळंच.

एक सूचना जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठासाठी. तिथे केमिकल टेक्नॉलॉजी शिकवली जाते. शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रकल्प करावाच लागतो. दर वर्षी दोन-तीन मुलांनी एमआयडीसीतल्या एखाद्या लहान कारखान्यातलं एकच काम घ्यावं, बॅच भरण्याचं किंवा ग्राइंडर साफ करण्याचं, आणि त्याच्या एकेका पायरीचा असा हिशेब मांडून मालकाला द्यावा. संगणक लागत नाही, कागद-पेन्सिल पुरते. मुलांना विषय मिळेल, कारखान्याला फुकटात तपासणी मिळेल. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाने मनावर घेतलं तर मालकही नाही म्हणणार नाहीत. मुलांना हँडल, पाट्या, पॅनेल कसं वाचायचं ते दाखवायला मी येईन, मानधन नको. अट एकच. प्लँट बघायची फेरी दिवसा मॅनेजर साहेबांबरोबर नको, तिसऱ्या पाळीत ऑपरेटरबरोबर हवी, आणि त्या वेळी ऑफिसातलं कुणीही सोबत नको.

आपला,
एक निवृत्त शिफ्ट इन्चार्ज
दोंडाईचा, जि. धुळे